नोकरींतील पंक्तिप्रपंच : त्याचें प्रमाण कोणतें?

नेमणुकीची सनद सांपडते. न नेमल्याची सनद कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं. ज्यांनीं जुन्या दप्तरांचे रुमाल सोडून पाहिले आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको. अमुक गडावर अमुक हवालदार नेमला, अमुक कारकुनास सालीना इतकें वेतन करार केलें, असे उल्लेख वहीवहींतून मिळतात. पण त्याच जागेसाठीं आणखी कोण उमेदवार होता, त्यास काय उत्तर मिळालें आणि तें कां मिळालें, हें लिहून ठेवण्याची चाल पूर्वीं नव्हती व आजही क्वचितच आढळते. म्हणूनच जातीवरून, धर्मावरून किंवा कातडीच्या रंगावरून नोकरींत भेद केला जातो काय, व केला जात असल्यास किती, हा प्रश्न इतिहासाभ्यासकास इतर प्रश्नांहून अवघड जातो. या भेदास मराठींत पंक्तिप्रपंच हा नेमका शब्द आहे. एकाच पंगतीस बसलेल्यांपैकीं एकास तूप वाढावें आणि दुसऱ्याच्या पानावरून हात पुढें न्यावा, असा त्याचा मूळ अर्थ. वाढप्यास विचारलें तर तो तूप संपलें म्हणून सांगणार.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत पाश्चात्य व भारतीय पंडितांनीं या प्रश्नाचें उत्तर काढण्यासाठीं एक रीत बसविली आहे. ती रीत म्हणजे जाणूनबुजून खोटे कागद तयार करणें. बनावट सनदा व नकली मोर्तबें ओळखण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आमच्या वाचकांस हें ऐकून प्रथम विषादच वाटेल. परंतु तिच्यामागील तर्क आपल्या न्यायशास्त्राच्या चौकटींत चोख बसतो. तो तर्क उलगडून दाखवावा, आणि खऱ्या कागदांनीं किती काम होतें व खोट्या कागदांनीं किती होतें हें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कागदाच्या अभावाविषयीं. संशोधकांच्या बैठकींत एक विधान वारंवार ऐकूं येतें : तसा कागद नाहीं, तेव्हां तशी गोष्ट झाली नाहीं. भाट्ट मीमांसकांनीं व वेदान्त्यांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे ही गोष्ट खरी. जमिनीवर घडा दिसत नाहीं यावरून तेथें घडा नाहीं हें आपण जाणतों. परंतु शास्त्रकारांनीं तेथें एक अट घातली आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिति पाहिजे. उजेडांत न दिसलेला घडा नसतो. अंधारांत न दिसलेल्या घड्याविषयीं कांहींच सांगतां येत नाहीं. या अटीनें युक्त अशा अनुपलब्धीस योग्यानुपलब्धि म्हणतात. नोकरी नाकारल्याची नोंद करण्याची जेथें चालच नाहीं तेथें तशी नोंद न मिळणें ही अंधारांतली अनुपलब्धि होय, आणि तिच्यावरून पंक्तिप्रपंच नव्हता असें अनुमान काढणारा विद्वान् दिवा न लावतांच घर रिकामें म्हणून सांगत असतो.

नकार कागदावर उतरल्याचीं उदाहरणें अगदींच नाहींत असें मात्र नव्हे. नियमच जातीच्या नांवानें केलेला असला म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो. मुंबई इलाख्याच्या फौजेंत महार शिपाई कंपनी सरकारच्या वेळेपासून होते. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमा-कोरेगांव येथें झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर कंपनीच्या सैन्यांतील ४९ नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं २२ नांवांच्या अंतीं 'नाक' हें पद आहे. मोडी कागदांतून गांवच्या महारांचीं नांवें ज्यांच्या नजरेखालून गेलीं आहेत ते हें नाकान्त नांव पाहतांक्षणीं ओळखतील. स्तंभावर जात कोरलेली नाहीं. ती नांवानेंच कळते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें सांगावयाच्या सर्व प्रयोगांचें मर्म तींत आहे.

पुढें १८९२ च्या सुमारास, लढवय्या जाति निराळ्या व न लढणाऱ्या निराळ्या असा सिद्धान्त करून ही भरती बंद करण्यांत आली. तिजविरुद्ध निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ मध्यें अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानें १९१० मध्यें दक्षिणेंतील महारांचा अर्ज विलायतेस भारतमंत्र्यांकडे गेला. सरकारी खात्यांतील खालच्या दर्जाच्या जागा, पोलीस शिपायांच्या जागा आणि लष्करांत प्रवेश या त्यांतील मागण्या होत्या. पहिल्या महायुद्धाच्या निकडीनें १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभारण्यांत आली, १९२१ मध्यें ती मोडण्यांत आली, आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ मध्यें, बेळगांव येथें महार रेजिमेंट उभी राहिली. येथें नकाराचें प्रमाण शोधीत बसावें लागत नाहीं. निकड असतां भरती व निकड सरतांच निरोप, एवढ्या क्रमावरून लायकीचा प्रश्न कोठें होता हें वाचकांनींच ठरवावें.

नियम लिहिलेला नसला म्हणजे मात्र मोजणी करण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. मोजणींत अडचण कोणती येते तें कोल्हापूरच्या उदाहरणावरून दिसेल. शाहू छत्रपति १८९४ मध्यें अधिकारारूढ झाले तेव्हां दरबारच्या सर्वसाधारण कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि कारकुनीच्या ५०० जागांवर ब्राह्मणेतर अवघे १० होते. हे आंकडे पुष्कळांच्या वाचनांत आलेले आहेत. यावरून दार बंद होतें असें म्हणावें, तर प्रतिपक्ष लगेच विचारतो, दाराशीं आलें होतें कोण? लिहितांवाचतां येणारे उमेदवार इतर जातींत होते किती? हा आक्षेप केवळ वितंडवाद म्हणून टाकून देतां येत नाहीं. नैयायिकांच्या भाषेंत ही उपाधीची शंका होय. धूर असल्यास अग्नि असतो हें अनुमान खरें. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हें खोटें, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर होण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि तोच तेथें उपाधि. आम्हीं अनेक वर्षें विद्यार्थ्यांस हा दृष्टान्त शिकविला व पुष्कळांनीं तो पाठ करून परीक्षेपुरता वापरला. पण व्यवहारांत त्याचा उपयोग येथें आहे. कोल्हापुरांतील विषमतेचें कारण जात कीं शिक्षण हें नुसत्या मोजणीनें उलगडत नाहीं. आणि शिक्षण न मिळण्याचें कारण पुन्हा जातच असूं शकतें, हा गुंता आणखी निराळा.

छत्रपतींनीं हा गुंता दोन्ही टोंकांनीं सोडवावयास घेतला. एकीकडे विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें काढलीं, व दुसरीकडे २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम काढला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्या, असें त्यांत आहे, व ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे ते मागासलेले, अशी व्याख्याही त्यांत केलेली आहे. हुकुमाच्या या भागाविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. आम्हांस मात्र त्याचें शेवटचें वाक्य अधिक मोलाचें वाटतें : या हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खात्याच्या प्रमुखानें दर तीन महिन्यांनीं सादर करावा. पंगतींत कोणास काय वाढलें याचा हिशेब वाढप्यानेंच लिहून द्यावा, असा हा बंदोबस्त होता. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकीं ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ राहिल्या, असें आपण आज सांगूं शकतों, तें अशाच नोंदींच्या बळावर.

खासगी धंद्यांत असा हिशेब कोणी मागितला नाहीं. मुंबईच्या कापड-गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे कामगार मुख्यतः रिंगखात्यांत असत. जेथें मजुरी अधिक पडे त्या विणाईच्या, म्हणजे साचेखात्यांत त्यांस शिरकाव नसे. त्याचें कारण असें सांगत कीं, धोट्यांतील कांडीचें सूत संपलें म्हणजे नवी कांडी घालून सुताचें टोंक धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावें लागे. एकाच धोट्यास अनेकांचें तोंड लागे, आणि सवर्ण विणकर त्यास विटाळ मानीत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें ठेवला, तेव्हां त्याची उघड चर्चा झाली. कामगारांची भरती जॉबर करी. तो आपल्या गांवचे, भावकींतले व जातींतले लोक आणी. येथें नियम लिहिलेला नव्हता, अर्ज नव्हता, आणि म्हणून नकाराचा कागदही नव्हता. धोट्याचें कारण जर खरोखर यंत्राचेंच असतें तर त्यावर यंत्राचा उपायही होता. तोंडानें सूत ओढण्याच्या धोट्यास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें आरोग्याच्या कारणास्तव १९११ मध्येंच कायद्यानें बंदी केली होती. हातानें ओंवावयाचे धोटे निघाले होते.

असा हा अलिखित नकार उजेडांत आणावा कसा? उत्तर तर्कदृष्ट्या सोपें आहे. ज्या दोन उमेदवारांत जात किंवा वर्ण याखेरीज कांहींही फरक नाहीं असे दोन उमेदवार त्याच दारीं पाठवावे. शिक्षण तेंच, अनुभव तोच, अक्षर तेंच. म्हणजे सर्व उपाधि दोन्ही बाजूंस सारख्याच झाल्या. मग उत्तरांत जो फरक पडेल त्याचें कारण जो एक फरक राहिला तोच. आपल्याकडे यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात. खऱ्या जगांत असे जुळे उमेदवार मिळत नाहींत, म्हणून ते बनवावे लागतात. इंग्लंडांत १९६७ च्या सुमारास प्रथम नटांस उमेदवार म्हणून पाठविण्यांत आलें. पण नट कितीही निपुण असला तरी बोलण्याचालण्यांत भेद राहतोच. १९७० मध्यें रॉजर जॉवेल व पॅट्रिशिया प्रेस्कॉट-क्लार्क यांनीं माणूस वगळून नुसतें पत्र पाठविलें, आणि रीत शुद्ध झाली.

या रीतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग त्याच मॅसॅच्युसेट्सच्या बॉस्टन शहरीं व शिकागो येथें २००१-०२ मध्यें झाला. मरिआन बर्ट्रांड व सेंधिल मुल्लैनाथन यांनीं वृत्तपत्रांतील सुमारें १३०० जाहिरातींस जवळजवळ ५००० अर्ज पाठविले. निम्म्या अर्जांवर एमिली, ग्रेग अशीं गोऱ्या लोकांत रूढ असलेलीं नांवें घातलीं, आणि निम्म्यांवर लकीशा, जमाल अशीं कृष्णवर्णीयांत रूढ असलेलीं. कोणतें नांव कोणत्या लोकांत अधिक चालतें हें त्यांनीं तर्कानें ठरविलें नाहीं; १९७४ ते १९७९ या काळांतील मॅसॅच्युसेट्सच्या जन्मनोंदी चाळून ठरविलें. कोणत्या अर्जावर कोणतें नांव पडावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोडलें. गोऱ्या नांवाच्या अर्जांपैकीं शेंकडा ९.६५ अर्जांस बोलावणें आलें, काळ्या नांवाच्या अर्जांपैकीं शेंकडा ६.४५ अर्जांस. एका बोलावण्यासाठीं एकानें दहा अर्ज करावे तर दुसऱ्यानें पंधरा. आणखी एक गोष्ट आम्हांस याहूनही विचार करण्यासारखी वाटते. कांहीं अर्जांत त्यांनीं अनुभव व गुण मुद्दाम वाढवून लिहिले. गोऱ्या नांवाच्या अर्जास त्या वाढीचा चांगला लाभ झाला. काळ्या नांवाच्या अर्जास फारच थोडा. म्हणजे अधिक शिका, मग दार उघडेल, हा जो उपदेश सर्वत्र केला जातो तो दोघांसही सारखा फळत नाहीं.

भारतांत हीच रीत सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनीं वापरली. त्यांचा निबंध २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींस, ६६ आठवड्यांच्या अवधींत, त्यांनीं ४८०८ अर्ज पाठविले. नांवें तीन प्रकारचीं : उच्चवर्णीय हिंदु, दलित व मुसलमान. होकार व नकार यांचें गुणोत्तर काढून तें उच्चवर्णीय नांवासाठीं १ धरलें, तर तितकेंच शिक्षण असलेल्या दलित नांवासाठीं तें ०.६७ आलें व मुसलमान नांवासाठीं ०.३३. परंतु याच सुमारास, २००६ मध्यें, दिल्ली व आसपासच्या ३७१ जागांसाठीं अभिजित बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३१६० अर्ज पाठविले, त्यांचें फल निराळें आलें. संगणकाच्या कामाच्या जागांत जातीवरून भेद आढळला नाहीं. दूरध्वनीवरून ग्राहकांशीं बोलण्याच्या जागांत मात्र इतर मागासवर्गीय नांवांस, व कांहीं अंशीं अनुसूचित जातींच्या नांवांस, बोलावणीं कमी आलीं. दोन प्रामाणिक प्रयोगांचीं अशीं भिन्न उत्तरें पाहून कांहीं लोक रीतीसच दोष देतात. आमच्या मतें यांत रीतीचा दोष नाहीं. ज्या कामांत कौशल्य कागदावरून स्पष्ट कळतें तेथें नांवाचें महत्त्व घटतें, आणि जेथें बोलणें, वागणें, घरचें वळण यांचा अंदाज बांधावयाचा असतो तेथें तें वाढतें, असा अर्थ त्यांतून निघूं शकतो. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनीं कंपन्यांच्या नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचा वृत्तान्तही २००७ मध्यें प्रसिद्ध झाला आहे. ते अधिकारी आम्ही गुणच पाहतों असें सांगत, आणि उमेदवारास घरची पार्श्वभूमि विचारतों असेंही सांगत. या दोन गोष्टींत विरोध आहे हें त्यांस जाणवत नव्हतें. जॉबरनें भावकी पाहिली, यांनीं पार्श्वभूमि पाहिली.

आतां या रीतीच्या मर्यादा. पहिली आमच्या वाचकांस विशेष जवळची आहे. नांव काय सांगतें? लकीशा हें नांव केवळ वर्ण सांगतें कीं गरिबीही सांगतें, असा आक्षेप अमेरिकेंत निघाला, व तो विचारार्ह आहे. नांवांतच दुसरा उपाधि लपलेला असूं शकतो. महाराष्ट्रांत तर जाधव, पवार, मोरे, गायकवाड हीं आडनांवें अनेक जातींत आहेत. केवळ आडनांवावरून जात ठरविणारा वंशावळकार कसा फसतो हें आपण नित्य पाहतों. तीच फसगत अर्ज वाचणाऱ्याची होईल, आणि ती जमेस धरली नाहीं तर प्रयोगाचें फल फिकें येईल. दुसरी मर्यादा अशी कीं, ही रीत पहिल्या उंबरठ्यापुरती आहे. आंत गेल्यावर पगार काय, बढती कोणास, डबा कोणाबरोबर, याविषयीं खोटा अर्ज कांहींच बोलूं शकत नाहीं. तिसरी, हेतूविषयीं. गॅरी बेकर यांनीं १९५७ मध्यें भेद करणाऱ्याची नावड हें कारण धरलें. पुढें १९७२ मध्यें एडमंड फेल्प्स यांनीं असें मांडलें कीं, एखाद्या समूहाविषयींच्या सरासरी समजुतीवरून व्यक्तीची पारख केल्यानें, द्वेष नसतांही, तसाच भेद घडतो. पत्राच्या उत्तरावरून या दोहोंतील कोणतें कारण तें सांगतां येत नाहीं. नाकारल्या गेलेल्यास मात्र दोन्हींत अंतर नाहीं.

नांव झांकून टाकावें म्हणजे रोग बरा होईल, ही युक्ति सुचणें साहजिक आहे. फ्रान्समध्यें तसा प्रयोग झाला व त्याचें फल २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. नांवें झांकल्यावर परदेशी वंशाच्या उमेदवारांस बोलावणीं वाढण्याऐवजीं कमी झालीं. ज्या कंपन्यांनीं आपण होऊन भाग घेतला त्या बहुधा मुळांतच उदार होत्या. आणि नांव दिसत असतां अर्जांतील उणिवा ज्या सहानुभूतीनें वाचल्या जात, ती नांव झांकल्यावर उरली नाहीं. पोथीचें पुष्पिकापत्र फाडलें म्हणजे पोथी निःपक्षपातानें वाचली जाते असें नाहीं, हें संग्राहकांस ठाऊक आहे.

खोट्या अर्जांनीं अर्ज वाचणाऱ्याचा वेळ फुकट जातो व तो फसविला जातो, हा नीतीचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. पण इनाम लाटण्यासाठीं केलेली बनावट सनद आणि नाण्याचा कस पाहण्यासाठीं लावलेली कसोटी या दोन वस्तु एक नव्हेत. मात्र खोटा कागद आजच्या दाराचाच कस लावूं शकतो. १९२८ सालच्या साचेखात्यास आज अर्ज पाठवितां येत नाहीं. मागील काळासाठीं खरेच कागद पाहिजेत, आणि ते राजेरजवाड्यांच्या दप्तरांत नाहींत. ते गिरण्यांच्या हजेरीपटांत, पगारपत्रकांत व कचेऱ्यांच्या आवक-बारनिशींत आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि अशा वह्यांस रद्दीखेरीज भाव नाहीं असें मानणाऱ्यांत आपले संग्राहकही आहेत. ज्यांच्या पाहण्यांत अशी वही येईल त्यांनीं तिचीं सुटीं पानें निवडून घेऊं नयेत, कारण येथें एका पानास किंमत नाहीं. खातें, कामगाराचें पूर्ण नांव, गांव, जॉबरचें नांव व मजुरीचा दर हे पांच रकाने सलग वर्षांचे मिळाले तरच त्यांतून कांहीं सिद्ध होईल. रिंगखातें व साचेखातें अशा दोहोंच्या वह्या एकाच गिरणीच्या व एकाच सालच्या असल्या तर त्या एकत्रच ठेवाव्या. कोल्हापूरच्या १९०२ नंतरच्या त्रैमासिक तक्त्यांच्या नकला कोणाच्या घरीं असतील तर त्यांची नुसती यादी मिळाली तरी ती या त्रैमासिकांत छापण्यासारखी आहे.